लहान झोताचं माप

राखी पगारे नाशिकरोडच्या ज्या कॉलनीत वाढली, तिथे तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. कुणाचं बीपी वाढलं, कुणाच्या पोराला ताप आला, की माणसं दारात येऊन उभी राहतात. सुरुवातीला ती समजावून सांगायची, की मी डॉक्टर नाही, फिजिसिस्ट आहे. कॅन्सरच्या रुग्णांना मशीनमधून किरण देतात, ते ठरवले तेवढेच जातात का आणि ठरवल्या जागीच जातात का, हे बघणं माझं काम. माणसं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि विचारायची, "बरं, मग तापाची गोळी अर्धी देऊ का पूर्ण?" पुढे तिने समजावणं सोडून दिलं.

तिचे वडील वाळू पगारे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलर विभागात होते. पोरीने बँकेची परीक्षा द्यावी असं त्यांचं मत होतं. तिने पुण्यातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. केली, मग मुंबईला अणुशक्तीनगरात वर्षभराचं प्रशिक्षण घेतलं, मोठ्या रुग्णालयात उमेदवारी केली, परीक्षा दिली आणि नाशिकला परत आली. द्वारका चौकाजवळच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाला फिजिसिस्टची गरज होती. फिजिसिस्टशिवाय किरणोपचाराचं मशीन चालवायला परवानगीच मिळत नाही. त्यामुळे पंचविशीतल्या या मुलीला आल्याबरोबर स्वतःची खोली आणि दारावर पाटी मिळाली.

तिचं काम रुग्णांच्या वेळेत फारसं दिसायचं नाही. टेक्नॉलॉजिस्ट सकाळी मशीन तापवून रोजची तपासणी करायचे, दिवसभर एकामागून एक रुग्ण टेबलावर यायचे. ते संपले की ती बंकरमध्ये जायची. बंकर म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंतींची ती खोली, जिथे मशीन असतं. तिथे पाण्याची चौकोनी टाकी लावायची, त्यात बोटाएवढं मोजणीचं चेंबर सोडायचं, दार बंद करून बाहेर यायचं, झोत चालू करायचा आणि आकडा वाचायचा. पाणी कशासाठी, तर माणसाचं शरीर किरणांपुढे बरंचसं पाण्यासारखंच वागतं. हे काम तिला आवडायचं. त्यात कुणाशी बोलावं लागत नसे.

रुग्णांशी तिचा संबंध पडद्यापुरता होता. चेहऱ्यापेक्षा तिला त्यांचे सीटी स्कॅन ओळखीचे. कॉरिडॉरमध्ये एखादी बाई समोरून गेली तर तिला कळायचं नाही, की गेले दोन दिवस आपण हिच्याच फुप्फुसाभोवती रेषा आखत होतो. तसं कळावं अशी तिची इच्छाही नव्हती.

ती कडक म्हणून प्रसिद्ध होती. एकदा महिन्याच्या तपासणीत आकडा किंचित चढा आला, तर तिने मशीन बंद ठेवलं. सुरगाण्याहून पहाटेच्या जीपने आलेले रुग्ण दुपारपर्यंत बाकांवर बसून राहिले. व्यवस्थापक तिच्या खोलीत येऊन बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "दुरुस्ती झाली की चालू करते." अशा दोन-तीन गोष्टींनंतर तिच्या सहीला वजन आलं. राखी मॅडमनी पाहिलंय ना, एवढं विचारलं की पुढे कुणी विचारत नसे.

कोरोनाच्या आदल्या वर्षी रुग्णालयाने नवं मशीन आणलं. जुन्यावर होत नव्हत्या अशा गोष्टी त्याच्यावर होणार होत्या. मेंदूतली वाटाण्याएवढी गाठ असली, तर तिच्यावर तेवढाच बारीक झोत टाकता येणार होता. मशीन बसलं की रुग्ण घेण्याआधी लहान-मोठ्या प्रत्येक आकाराच्या झोताची मापं घ्यावी लागतात. ती कॉम्प्युटरमध्ये भरतात. नंतर प्रत्येक रुग्णासाठी किती वेळ झोत ठेवायचा, हे कॉम्प्युटर त्या मापांवरून काढतो. ही मापं घ्यायचं काम राखीचं होतं.

सगळ्यांत बारीक झोतापाशी ती अडली. त्याच्यासाठी टाचणीच्या डोक्याएवढा मापक लागतो. खरेदीच्या यादीत तो होता, पण पुढच्या वर्षावर ढकलला होता. उद्घाटनाची तारीख ठरली होती, पाहुणे ठरले होते. मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडचं छोटं चेंबर चालतं. बाकीच्या ठिकाणी पण तेच वापरतात." छोटं म्हणजे रुग्णालयाकडे होतं त्यातलं छोटं. असं करू नये हे तिने वाचलेलं होतं. वाटीएवढ्या उजेडात ताटाएवढा कागद धरून त्यावर सरासरी उजेड किती पडला हे काढलं, तर उत्तर कमी येणारच. पण तिचं चेंबर ताटाएवढं नव्हतं, वाटीपेक्षा जरासं मोठं होतं, आणि आलेले आकडे कंपनीच्या आकड्यांपासून फार लांब नव्हते. तिने ते स्वीकारले. खाली सही केली.

पहिल्या दीड वर्षात तो सगळ्यांत बारीक झोत तीनच रुग्णांना लागला. त्यातली एक मालनबाई.

मालनबाई दिंडोरी तालुक्यातली. वय पन्नाशीच्या आसपास. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली होती, मग डोकं दुखायला लागलं आणि मेंदूत उजव्या बाजूला एक गाठ निघाली. एकच होती आणि लहान होती, म्हणून डॉ. अमोल खैरनारांनी बारीक झोताचा उपचार ठरवला. खैरनार किरणोपचार विभागाचे प्रमुख. बोलायला मऊ, पण कामात कुणावर अवलंबून न राहणारे. उपचार झाला. मालनबाई घरी गेली. तीन महिन्यांनी स्कॅन केला तेव्हा गाठ दिसत नव्हती.

आणखी काही महिने गेले आणि ती परत आली. डाव्या हातातून वस्तू पडत होत्या. ती द्राक्षबागांत विरळणीला जाणारी बाई. विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे. उजव्या हातात कात्री, डाव्या हाताच्या तळव्यावर घड. तो तळवाच आता स्थिर राहत नव्हता. स्कॅनमध्ये गाठीच्या जागेभोवती सूज दिसली. किरणांनंतर काही जणांना अशी सूज येते. खैरनारांनी गोळ्या सुरू केल्या आणि राखीला म्हणाले, "हिचा प्लॅन एकदा परत बघाल का? माझ्या समाधानासाठी."

तिने बघितला. मालनबाईला दिलेला उपचार पाण्याच्या टाकीत पुन्हा दिला, मोजला, आणि आकडा कॉम्प्युटरच्या आकड्याशी जुळला. "सगळं बरोबर आहे, सर," ती म्हणाली. खैरनारांनी विषय सोडला.

पावसाळा संपता संपता निकिताचा फोन आला. निकिता बोरस्ते तिच्या प्रशिक्षणाच्या तुकडीतली. धुळ्याच्या एका रुग्णालयात काम करायची. त्यांच्याकडेही नुकतंच तसंच मशीन बसलं होतं आणि तिला आपले आकडे कुणाशी तरी ताडून बघायचे होते. टाचणीच्या डोक्याएवढा मापक तिने पुण्याहून काही दिवसांसाठी मागून आणला होता. रविवारी ती तो घेऊन नाशिकला आली. दोघींनी टाकी भरली, मोठ्या झोतापासून मोजायला सुरुवात केली. मोठे झोत जुळले. मधले जुळले. शेवटचा झोत आला तेव्हा निकिताने आकडा वाचला आणि वही राखीपुढे सरकवली.

"परत घे," राखी म्हणाली.

परत घेतला. तोच आला. राखीच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त.

"तुझा मापक बिघडलाय," राखी म्हणाली.

"असेल. पण मोठ्या झोताला बरोबर दाखवतोय."

मग त्यांनी मापक जरा इकडे, जरा तिकडे सरकवून पाहिला, वायर बदलली, टाकी पुन्हा समतल केली. जेवणाची वेळ निघून गेली. निकिताने तिसऱ्या पद्धतीने, फिल्मच्या तुकड्यावर झोत टाकून मोजायचं सुचवलं. फिल्मही निकिताच्या बाजूने बोलली. राखी खुर्चीत बसून पडद्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात येत गेलं ते असं: तिच्या चेंबरने झोत खऱ्यापेक्षा कमजोर दाखवला होता. कॉम्प्युटरने तो कमजोर धरला आणि भरपाई म्हणून जास्त वेळ चालू ठेवायला सांगितला. मालनबाईचा प्लॅन तिने परत तपासला होता, पण त्याच चेंबरने. चूक आणि चुकीची तपासणी, दोन्ही एकाच मापाने झाल्या होत्या. त्या जुळणारच होत्या.

"किती जणांना?" निकिताने विचारलं.

"तिघांना."

निकिता म्हणाली, "मी थांबू का उद्या?" राखी नको म्हणाली.

सोमवारी सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी तिने खैरनारांना सांगितलं. त्यांनी हातातला केसपेपर खाली ठेवला.

"तुम्ही पाहिला होतात तो प्लॅन," ते म्हणाले.

"हो. त्याच चेंबरने."

"हं." मग ते म्हणाले, "बारीक झोताचे उपचार आजपासून बंद. तिघांच्या फाइल काढा."

तिघांपैकी एक गृहस्थ फुप्फुसाच्या आजाराने आधीच गेले होते. दुसरा मालेगावचा, त्याला त्या झोताचा थोडाच भाग लागला होता आणि तो ठणठणीत होता. तिसरी मालनबाई.

दुपारी ट्रस्टच्या एका विश्वस्तांबरोबर बैठक झाली. त्यांनी राखीने लिहिलेला मसुदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "पगारे मॅडम, 'चूक' हा शब्द कशाला? मापनातली तफावत म्हणू. तांत्रिक तफावत."

"तफावत आहेच सर," ती म्हणाली. "ती माझ्या मोजणीमुळे आहे, तेवढं लिहावं लागेल."

"कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं म्हणता ना?"

"त्याने सांगितलं. मोजलं मी."

विश्वस्त खैरनारांकडे बघू लागले. खैरनार म्हणाले, "तसंच जाऊ द्या." किरणांच्या मशीनवर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या नियामक मंडळाला ते तसंच गेलं.

त्या आठवड्यात राखीने वडिलांना सांगितलं. ते निवृत्त झाले होते, सकाळी बुद्धविहारापर्यंत चालून यायचे आणि मग व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचे. त्यांनी सगळं ऐकलं. आधी विचारलं, "नोकरी राहील का?" ती म्हणाली, माहीत नाही. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ती बाई कशी आहे?" तेही तिला नीट माहीत नव्हतं. तिने मालनबाईला अजून पाहिलेलं नव्हतं.

मालनबाईला बोलवायला फोन केला तर तिच्या मुलाने, मल्हारीने, उचलला. तो म्हणाला, "गोळ्या चालू हायेत ना? मंग कशाला यायचं? बागेच्या छाटण्या सुरू हायेत." असली गोष्ट फोनवर सांगायची नाही असं खैरनारांनी ठरवलं आणि पुढच्या रविवारी आपल्या गाडीने निघाले. राखी बरोबर गेली. तिला कुणी यायला सांगितलं नव्हतं, आणि येऊ नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

घर बागेच्या कडेला होतं. मल्हारी औषध फवारणीचा ट्रॅक्टर धूत होता. मालनबाई ओट्यावर बसली होती, डावा हात मांडीवर ठेवून. राखीने तिला पहिल्यांदाच पाहिलं. ठेंगणी, कपाळावर जुनं गोंदण, गोळ्यांमुळे चेहरा सुजलेला. खैरनारांनी हळूहळू, सोप्या शब्दांत सांगितलं.

"म्हंजे जास्त बसलं?" मालनबाईने विचारलं.

"हो. ठरवलं होतं त्याच्यापेक्षा जास्त."

"किती?"

राखी म्हणाली, "दहा भाग द्यायचे होते, तिथे अकरा गेले."

"आन् कुणी दिलं?"

"मशीनने दिलं. पण मशीनला आकडे मी दिले होते. ते माझ्याकडून चुकले."

मल्हारी पाण्याचा पाइप तसाच हातात धरून जवळ आला होता. पाणी त्याच्या पायाशी साचत होतं.

"हात त्याच्यानंच गेला का?" मालनबाईने विचारलं.

"नक्की सांगता येत नाही," खैरनार म्हणाले. "बरोबर दिलं असतं तरी काही जणांना असं होतं."

मालनबाईने राखीकडे मान वळवली. "तुम्हाला काय वाटतं, ताई?"

"मलाही माहीत नाही. जास्त गेल्यामुळे व्हायची शक्यता वाढली. एवढंच मला सांगता येतं."

"तुम्ही नसते आले, तर आम्हाला कळलं असतं का?" मल्हारीने विचारलं.

"नाही," राखी म्हणाली.

तो पाइप टाकून ट्रॅक्टरवर चढला आणि ट्रॅक्टर चालू करून बागेत निघून गेला.

"डोक्यातली गाठ गेली का पन?" मालनबाईने विचारलं.

"गेली. सध्या दिसत नाही," खैरनार म्हणाले.

"जास्त बसलं म्हनून गेली का?"

खैरनारांनी राखीकडे पाहिलं. "तेही सांगता येत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला लय काय सांगताच येत नाय," मालनबाई म्हणाली. ती रागावून म्हणाली नाही, तिच्या लक्षात आलेली गोष्ट तिने बोलून दाखवली. मग सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. तो प्यावा की नाही हे राखीला कळत नव्हतं. खैरनारांनी घेतला, म्हणून तिनेही घेतला.

परतीच्या रस्त्यावर खैरनार गाडी चालवत होते. म्हसरूळच्या पुढे आल्यावर ते म्हणाले, "मी पण विचारायला पाहिजे होतं, कशाने मोजलंत म्हणून."

ती म्हणाली, "तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, चालतं म्हणून."

मल्हारीने दिंडोरीच्या वकिलामार्फत तक्रार केली. रुग्णालयाने मालनबाईचे पुढचे सगळे उपचार आणि स्कॅन आपल्याकडे घेतले आणि काही भरपाई दिली. राखीचा जबाब झाला. ओट्यावर जे सांगितलं होतं तेच तिने तिथेही सांगितलं. नियामक मंडळाने सगळी मापं नव्याने घ्यायला लावली आणि मशीनची जबाबदारी तिच्याकडून काढली. नागपूरचे, निवृत्तीला आलेले एक फिजिसिस्ट तिच्या वर नेमले गेले. दारावरची पाटी बदलली. ती त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसू लागली. नवे गृहस्थ सभ्य होते. तिच्या प्रत्येक मोजणीशेजारी उभे राहायचे आणि उभं राहिल्याबद्दल दर वेळी माफी मागायचे. "राहू द्या सर, उभे राहा," ती म्हणायची.

तिला त्रास झाला तो वेगळ्या ठिकाणी. जो आकडा दिसेल त्याच्यावरचा तिचा विश्वास उडाला. गॅसवर दूध ठेवलं तर उतू जाण्याआधी तीनदा उठून बघायची. मोटारसायकलचं पेट्रोल संपत आलंय असं काटा सांगत असला तरी टाकीचं झाकण उघडून आत डोकावायची. हे वर्षभर चाललं. मग हळूहळू कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

फिजिसिस्टांच्या संघटनेची बैठक पुढच्या वर्षी नागपुरात भरली. तिथे तिने हा सगळा प्रकार उभं राहून सांगितला, स्वतःच्या नावाने. रुग्णालयाचं नाव मात्र ट्रस्टच्या सांगण्यावरून घेतलं नाही. मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "मापक येईपर्यंत तुम्ही थांबला का नाहीत?"

"थांबता आलं असतं," राखी म्हणाली. "तारीख ठरलेली होती. पण थांबता आलं असतं."

चहाच्या वेळी तीन जण वेगवेगळे येऊन तिला बाजूला घेऊन गेले आणि चेंबरचा मॉडेल नंबर विचारला. दोघांकडे तेच होतं. त्यातल्या एकाने तिथूनच रुग्णालयात फोन लावला.

तेव्हापासून उत्तर महाराष्ट्रातल्या काही रुग्णालयांत एक पद्धत पडली. एकाने मोजलेलं दुसऱ्याने येऊन, स्वतःचं सामान घेऊन मोजायचं. निकिता नाशिकला येते, राखी धुळ्याला आणि जळगावला जाते. यात फिजिसिस्टांची आपसातली भांडणंही होतात. पहिल्या वर्षी जळगावच्या माणसाने तिचा आकडा मान्य करायला नकार दिला होता, आणि त्या वेळी तो बरोबर निघाला.

नागपूरचे गृहस्थ निवृत्त झाल्यावर जबाबदारी पुन्हा तिच्याकडे आली. तिने हो म्हणायला काही दिवस घेतले.

मालनबाईची सूज उतरली. हात पुरता आला नाही. घड तळव्यावर धरता येतो, पण दिवसभर नाही. आता ती विरळणीच्या बायकांची मुकादम आहे. बायका गोळा करायच्या, पिकअपमध्ये बसवायच्या, ओळींमधून फिरत कुणी मणी जास्त काढतंय का ते बघायचं. आराम मिळतो, पण काम हातात नसल्याने जीव रमत नाही, असं ती सांगते. दर सहा महिन्यांनी स्कॅनला येते. त्या दिवशी राखी ओपीडीत जाऊन बसते. दोघींचं फारसं बोलणं होत नाही. मल्हारी आईला सोडून बाहेर रस्त्यावर थांबतो, आत येत नाही.

गेल्या हिवाळ्यात स्कॅनची तारीख नसताना मालनबाई आली. बरोबर तिच्या टोळीतली राखीच्या वयाची एक बाई होती, पदर घट्ट ओढून बसलेली. मालनबाईने रिसेप्शनवर जाऊन पगारे ताईंना बोलवा म्हटलं. छातीत गाठ लागलीय हिच्या, ती म्हणाली, घरात कुणाला सांगायला तयार नाही, मी आणली. यातलं राखीला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. तिने केसपेपर काढून दिला, तपासणीच्या खोलीपर्यंत दोघींना नेलं आणि बाहेर बाकावर मालनबाईशेजारी बसली. मालनबाईने पिशवीतून मूठभर मनुके काढून तिच्या हातावर ठेवले.

सोनोग्राफीत गाठ साधी, पाण्याची निघाली. दोघी दुपारच्या बसने दिंडोरीला गेल्या.